पित्तावरची सोलकढी

मुलांनो, परवा फोनवर छातीत जळजळतं म्हणालात आणि औषध म्हणून माझ्या सोलकढीची कृती मागितलीत. ती देण्याआधी तुमच्या आजोबांच्या मावसभावाबद्दल सांगायला हवं. इतकी वर्षं मी ते टाळलं.

अख्ख्या रत्नागिरीत त्यांच्याइतकं सभ्य पोट दुसऱ्या कुणाचं नसेल. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी सालची गोष्ट. बायको गेल्यापासून भावोजी दुपारी आमच्याकडे जेवत. ढेकरसुद्धा परवानगी घेऊन देत. "वहिनी, आंबट ढेकर येतोय. देऊ?" फणसाची भाजी दिसली की तिला लांबूनच हात जोडत. चहा सोडला तेव्हा आपली कपबशी धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. तरी जळजळ थांबेना. पित्तावर आमसूल, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. मी रोज सोलकढी करी, लसूण आणि दोन हिरव्या मिरच्या ठेचून. जळजळ वाढली की मी वाटी वाढवी. "संपवा, भावोजी." ते संपवत आणि माझ्याच सांगण्यावरून लगेच बाकावर आडवे होत.

गुण येईना, तेव्हा मी कारण शोधलं. शोधलं कसलं, ठरवलं. गणपतीत भरल्या पंगतीत मी मोठ्यानं म्हणाले, "स्टँडवरची भजी चोरून खाणाऱ्याला माझी सोलकढी काय गुण देणार?" पंगत हसली. भावोजींनी मान खाली घालून वाटी पुढे केली. "वाढा, वहिनी. अर्धीच."

आठवड्यानं मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं, भज्यांची तक्रार करायला. डॉक्टरांनी रोजचं खाणं विचारलं आणि माझ्याकडे पाहिलं. "दोन वाट्या आंबट-तिखट, वर लगेच झोप? बाई, यांना भज्यांची गरजच काय?"

परत येताना मी विचारलं, "बोलला का नाहीत?"

"सोलकढी मला आवडते, वहिनी. पोटाला आवडत नाही, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवसापासून मी मऊ भात वाढू लागले, जेवणानंतर त्यांना अंगणात फेऱ्या घालायला लावू लागले. पण पंगतीत बोललेलं पंगतीत परत घेतलं नाही. लोक त्यांना भजीकाका म्हणत राहिले. ते हसत आणि मी खाली बघून वाढत राही.

डॉक्टरांनी खाटेची उशाकडची बाजू उंच करायला सांगितली होती. भावोजींनी जांभ्या दगडाचे दोन तुकडे घासून सारखे केले आणि खाटेच्या पायांखाली सरकवले. ते गेल्यावर खाट आमच्याकडे आली. मी तिच्यावरच झोपते. दोन्ही दगड अजून जागेवर आहेत.