खिडकीतली हजेरी

आमच्या शाळेतले खेळाचे सर बोलतात कमी, शिट्टी जास्त वाजवतात. चहा हवा असला तरी शिपायाकडे बघून एक बारीक शिट्टी. नियम मात्र एकच : जो वर्गात न्हाई, तो मैदानावर न्हाई.

म्हणून माझा गणिताचा तास सुरू झाला की ते खिडकीच्या गजांना नाक लावून कबड्डीच्या संघातली सात पोरं बोटानं मोजतात. झोपलेलं पोरगं मोजणीत धरत नाहीत.

तालुक्याच्या सामन्याच्या आदल्या दिवशी पोरांना एक गणित घालून मी हळूच टपरीवर सटकलो. परत आलो तर सर खिडकीत उभे.

"सर, तास कुणाचा हाय?"

"माझाच."

"मग तुमी कावून न्हाई?"

"जरा चहाला गेलतो."

"पोरगं गेलं असतं तर?"

पोरांना शिक्षा ठरलेली होती, मैदानाला पाच फेऱ्या. मला वाटलं, माणूस गंमत करतोय. तेवढ्यात शिट्टी वाजली.

पायात चपला, खिशात खडू, असा मी पळालो. सातही पोरं खिडकीतून ओरडून फेऱ्या मोजत होती. तिसरी फेरी बदमाशांनी दोनदा मोजली. गणित माझ्याकडंच शिकलेली ना!

सामना झाल्यापासून सरांची मोजणी लांबली. बोट सात पोरांवरून फिरतं, मग फळ्याकडं वळून माझ्यावर थांबतं.

"आन् आठवे... हायेत," म्हणतात, आणि शिट्टी फुंकून निघून जातात.