बिनआवाजाची पोलीसगाडी आणि मालनचा कोपरा

पोलिसांची गाडी दिसली की तुमचे पाय काय करतात, सांगा बघू?

काही करत नाहीत. तुम्ही भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेता आणि फोनमध्ये बघत पुढे चालू लागता. गाडी तुमच्यासाठी नसतेच. पण तुमच्यासमोर मांडी घालून बसलेली, तुमच्यासाठी अळूची जुडी निवडणारी बाई गाडीच्या नुसत्या चाहुलीने उठते, अंथरलेल्या फडक्याची चारी टोकं आवळते आणि दुकान पाठीवर टाकून पळते. मागून तुम्ही काय ओरडता? "अहो बाई, माझे सुटे!" शाबास.

मालनने हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते तिला भोंग्यासारखं वाटतं. आणि ऐकणं हाच तिचा खरा धंदा. भाजी आपली जोडीला. घाटकोपर पूर्वेला, मार्केटच्या मागे गल्ली जिथे वळते त्या कोपऱ्यावर ती बसते. कोपरा म्हणजे सोनं, दोन्ही रस्त्यांचं गिऱ्हाईक आधी तिच्याकडे येतं. तो तिला कोणी दान दिलेला नाही. त्या ओळीचा नियम आहे: कोपरा गाडी ऐकणाऱ्याचा. जो सगळ्यात आधी ऐकेल आणि ओरडेल, तो तिथे बसेल.

तिची माणसं देवगडकडची. बाप गिरणीत मागावर होता, आणि मागांच्या खडखडाटाने चाळिशीतच बहिरा झाला. नळ आला, दार वाजलं, शेजारी भांडण लागलं, की पोरीने बापाच्या खांद्याला हात लावायचा आणि खुणेने सांगायचं. गिरणी गेली, बाप गेला, मालन लग्न होऊन घाटकोपरात आली. नवरा वॉचमन, तोही पुढे गेला. माहेरहून दागिने काही आले नव्हते. कान तेवढे आले होते.

ते कान झकास चालायचे. कुठल्या गाडीचं मागचं दार सैल आहे, कुठलीचा सायलेन्सर खोकतो, कुठली वळण घेताना गिअर टाकायला कण्हते, सगळं पाठ. गाडी सिग्नलला असतानाच मालनचा आवाज उठायचा, "गाडीऽऽ!" मग सपना मेदूवडेवाली निवांत स्टोव्ह बंद करायची, सांबाराच्या टोपावर झाकण ठेवायची. डबे-कंगवे विकणारा राजेश तर केसावरून एक हात फिरवून मग उठायचा. गाडी येईस्तोवर फुटपाथ असा साफ, की जणू तिथे जन्मात कोणी बसलं नव्हतं.

आणि मग आला देवव्रत.

देवव्रत राहतो त्याच गल्लीतल्या नव्या टॉवरमध्ये, ऑफिस अंधेरीला. तिथे तो काय करतो ते त्याच्या बायकोलाही धड सांगता येत नाही. पन्नाशी आली, पोटाने पॅन्टच्या पट्ट्याला हरवलं, आणि साहेबांना हौस सुटली. कुठल्याशा भंगारवाल्याकडून पोलिसांची जुनी ॲम्बेसेडर उचलली, साकीनाक्याच्या एका गॅरेजात टाकली आणि वर्षभर तिच्या बाळंतपणाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पाठवले. गंज काढला, पत्रा ठोकला, निळा रंग दिला, पिवळा पट्टा ओढला, दारावर ठळक अक्षरांत 'पोलीस'. टपावर दिवासुद्धा बसवला. आत मात्र नवं जपानी इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक, एसी, पाठीला गुदगुल्या करणारी सीट. जुनं म्हणून जे जे अंगाला टोचत होतं ते सगळं या माणसाने काढून टाकलं. मूळचं एकच ठेवलं, लोकांना वाटणारी भीती. ती बाहेरच्या बाजूला होती, त्याला कुठे टोचत होती?

पहिल्या रविवारी सकाळी ती गाडी वळणावर आली तेव्हा मालन एका गिऱ्हाइकाला शेवग्याच्या शेंगा मोडून देत होती. काही ऐकू आलं नाही. एकदम निळा पत्रा डोळ्यांसमोर उभा. ती ओरडली, पण उशिरा. अख्खी ओळ एकाच वेळी उठली, एकमेकांवर आपटली, कंगवे गटारात, लिंबं चाकांखाली, आणि सपनाचा सांबाराचा टोप तिच्याच पायावर. गाडी मात्र थांबली नाही, कोणी उतरलं नाही. हंसासारखी निघून गेली.

दुपारी ओळ परत बसली तेव्हा सपनाच्या पायाला पट्टी होती आणि राजेशच्या जिभेला धार.

"काय काकू, कानात फुलं घातली होती काय?"

"आवाज आलाच नाही रे."

"गाडी काय उडत आली? वय झालं, मान्य करा ना. येत्या रविवारपासून कोपऱ्यावर मी बसतो. तरणे कान आहेत माझे."

मालनने ओळीकडे पाहिलं. कोणी कोथिंबिरीवर पाणी मारत होतं, कोणी उगाच तराजू पुसत होतं. गप्प बसणं म्हणजे होकार. हा कायदा फुटपाथवरही चालतो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्येही. कोपरा गेला म्हणजे धंदा अर्धा गेला. पण रात्रभर तिला सलत राहिलं ते वेगळंच. कान गेले म्हणाला मेला. बापासारखे.

दोन दिवसांनी सपना लंगडत आली, हातात फोन.

"मावशी, हे बघ. आपण फेमस झालो."

व्हिडिओ होता. गाडीतूनच काढलेला. काचेपुढे पळणारी माणसं, तोंड वासलेली मालन, सपनाचा टोप, वर ढोलकीचं गाणं चिकटवलेलं आणि खाली ओळ: 'आमच्या राणीचा दरारा अजून कायम!' शेवटी हाफ पॅन्टमधला, काळा गॉगल लावलेला माणूस अंगठा दाखवत हसत होता. त्याखाली तुम्हा टॉवरवाल्यांचे हसरे चेहरे, रांगेने, पिवळेधमक.

मालन रागावली की तिची मुंबई गळून पडते आणि देवगड वर येतं. "ह्यो पोलीस? ह्या मेल्याचे पाय बघ, उन्ह लागलेले तरी दिसतत काय?"

रविवारी राजेश उजाडायच्या आत कोपऱ्यावर डबे मांडून बसला होता. मालनने टोपली घेतली, वळणाच्या पुढे, भर रस्त्यात फडकं अंथरलं आणि मांडी घातली.

"काकू, वेड लागलं काय? मराल!"

"तू कान सांभाळ तुझे."

गाडी आली. मालनने ती पाहिली, ऐकली नाही. ओळ धडपडत उठली. मालन बसून राहिली. गाडी तिच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर लोण्यात सुरी थांबावी तशी थांबली. काच खाली गेली.

"अहो आजी, उठा! गाडी दिसत नाही का?"

"दिसता. ऐकाक येणा नाय. तुम्ही पोलीस?"

"छे छे! हौस हो. व्हिंटेज आहे ही."

"मग आवाज खंय गेलो हिचो?"

चोराला विचारावं तिजोरी कशी फोडलीस, आणि त्याने कौतुकाने सांगत सुटावं, तसं झालं. देवव्रत दार उघडून खाली उतरला. "तीच तर गंमत आहे! बॉडी जुनी, पण इंजिन एकदम नवं. रबराच्या गाद्यांवर बसवलंय. गाडी चालू आहे की बंद, मलाच कळत नाही! आत्तासुद्धा चालू आहे, लावा कान!"

पळालेली ओळ हळूहळू परत आली. लिंबूवाल्याने खरोखरच बॉनेटला कान लावला. "आयला, चालू आहे."

"ऐकलंस, राजेश?" मालन म्हणाली.

"त्यात काय. तुम्हाला नाही कळलं. मला कळलं असतं."

"असता? मग भिंतीकडे तोंड कर. गाडी इली की हात वर."

देवव्रतला कोण आनंद! आपल्या गाडीची परीक्षा आहे आणि आपण पहिले येणार, एवढंच त्याला समजलं. तो सिग्नलपर्यंत मागे गेला. राजेश भिंतीकडे तोंड करून, छाती फुगवून उभा. एक रिक्षा गेली, त्याने हात वर केला. सगळे हसले. सपनाने टोपावर झाकण आपटलं, त्याने परत हात वर केला. मग तो दात आवळून उभा राहिला, एकाग्र, जणू देवळात. निळी गाडी वळली, सरकत त्याच्या मागे आली, पुढचा दिवा त्याच्या शर्टाला टेकेल इतकी. राजेश अजून ऐकतोच आहे. शेवटी मालनने जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला.

तो वळला आणि किंचाळला. सपना पायाचं दुखणं विसरून हसली.

राजेशने मुकाट डबे उचलले. "घ्या तुमचा कोपरा." मग जाता जाता थांबून, खाली बघत, "पण काकू, असल्या गाड्या ऐकूच येणार नसतील, तर ओरडणार कोण?"

मालन देवव्रतकडे वळली. तो हाही तमाशा फोनवर घेत होता.

"साहेब, एक करा. त्या दारावरचा 'पोलीस' तेवढा पुसा."

"अहो, ते पुसलं तर उरलं काय? नुसती जुनी गाडी!"

त्या माणसाच्या तोंडून निघालेलं हे एकमेव खरं वाक्य. पाठीमागे ठाणं नाही, कायदा नाही, साधी शिट्टीसुद्धा नाही. तीन अक्षरांचा धाक, तोही दुसऱ्यांनी कमावलेला. त्यानंतर साहेब आणखी चेकाळले. सोसायटीने झेंडावंदनाला गाडीला हार घातला, नारळ फोडला. एका हवालदाराने तिला लांबून सलाम ठोकला, जवळ गेल्यावर ओशाळला आणि मग सेल्फी घेऊन निघून गेला. गाडी अजून दर रविवारी येते. ओळीला ती ओळखू येते, पण पाय काही ओळख विचारून पळत नाहीत. शिवाय आता खऱ्या गाड्याही नव्या आल्यात, त्याही मुक्या.

मालन कोपऱ्यावरच आहे. पण हल्ली ती ऐकत नाही, मान वळवून बघत बसते. मान दुखते, जुड्या मोजताना चुकते, आणि वळणामुळे दिसतं ते फक्त शेवटचं हातभर. टोप झाकायला तेवढा वेळ पुरत नाही.

पण वर, तुमच्या गॅलरीतून, थेट सिग्नलपर्यंतचा रस्ता दिसतो. उभे असताच तुम्ही तिथे, चहाचा कप घेऊन. म्हणून सांगतो: ती निळी गाडी वळताना दिसली, खरी असो नाहीतर खोटी, तर फोन खाली ठेवा, कठड्यावरून वाका आणि घसा फुटेस्तोवर ओरडा, "मालनकाकू, गाडीऽऽ!"