शेवटच्या ओळीवरचा ‘वा!’

आज पीजीत कुणीतरी खोकल्यासाठी ज्येष्ठमध आणला आणि त्या वासाने मला इथल्या एचएसआर लेआउट वस्तीतला छोटा स्टुडिओ आठवला. एक गायिका बारा वर्षांनी स्वतःच्या गाण्यांचा अल्बम करत होत्या. गावच्या भजनात मी टाळ वाजवायचो, म्हणून एका गाण्यासाठी मला बोलावलं होतं. आवाज नको म्हणून पंखा बंद, आम्ही सगळे एकाच खोलीत घामाघूम. ज्येष्ठमध चघळत त्या दरवेळी शेवटच्या ओळीवर थांबायच्या. “नको, पुन्हा.” दुपारभर तेच. हात दुखून मी पार वैतागलो होतो. मग एकदा ती ओळ अशी आली, की भजनात बसल्यासारखा माझ्या तोंडून मोठ्याने ‘वा!’ निघाला. रेकॉर्डिंग करणाऱ्या कानडी अण्णांनी कपाळावर हात मारला. “अय्यो, स्वल्प गप्प बसायला काय होतं रे तुला?” त्यानंतर बाईंचा आवाज बसला, तो बसलाच. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, “राहू दे तेच. निदान एकाला तरी आवडलं.” परवा आईला मी ते गाणं फोनवर ऐकवलं. इतका टाळ वाजवला होता, पण ती म्हणाली, “टाळ काही कळला नाही बाबा, तुझा ‘वा’ मात्र लगेच ओळखला.”