जावईबापूंच्या घड्याळाचं झाकण

वैशाख वद्य तृतीया. ऊन कडक, वारा पडलेला, आभाळात नावालाही ढग नाही.

हसायचं तर खुशाल हसा मंडळी, पण माझा मुद्दा बरोबर होता आणि आजही आहे. घोटाळा झाला, नाही म्हणत नाही. लई मोठा झाला. पण मुद्दा बरोबर होता!

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब. जुना होता तो फक्त दुष्काळ. आमचे जावईबापू उमरीचे. त्यांना इथल्या नव्या कचेरीत नोकरी लागली. उद्या सकाळी हजर व्हायचं म्हणून आज आमच्याकडे मुक्कामाला आले, आणि नेमका तेव्हाच टँकर आला. गुणी माणूस! माझ्या हातातली नळी घेतली आणि अंगणातलं पिंप काठोकाठ भरून दिलं. त्या भरात मनगटावरचं घड्याळ पाण्यात बुडालं. काचेआड वाफ धरली, काटे थांबले.

घड्याळ लग्नात आम्हीच घातलेलं! उद्या नव्या साहेबासमोर जावई बंद घड्याळ घालून उभा राहिला, तर नाव कुणाचं जाणार? सासऱ्याचं.

शेजारचे शिवाप्पा भिंतीवरून डोकावले. "घ्या! सगळ्या जिल्ह्याच्या विहिरी आटल्या, अन् तुमच्या जावयाच्या घड्याळाला पाणी लागलं!"

"आवं, गोलाईच्या बाजारात घड्याळवाल्याकडं न्या," आमची बायको म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, सासरा जिवंत असताना जावयाचं घड्याळ परक्यानं उघडायचं? "पंखा, इस्त्री, रेडिओ... या घरात मी काय उघडलं नाही?"

"हाव, उघडलं. बसवलं काय, ते सांगा."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. पिंपावरचं लाकडी झाकण काढून पाटासारखं पुढ्यात घेतलं आणि त्यावर घड्याळ पालथं ठेवलं. मागचं झाकण गोल, गुळगुळीत. गोल झाकण म्हणजे फिरकीचं. बाटलीचं तसंच, बरणीचं तसंच. बरोबर की नाही? लागलो फिरवायला. फडकं लावून झालं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून झाला. हलेना! मग पक्कड घेतली.

"मामा, राहू द्या ना," जावईबापू हळूच म्हणाले.

"तुम्ही पाहुणे. बसा."

"तसं न्हाई, घड्याळ माझं हाय म्हणून..."

"दिलं कुणी?"

जावईबापू मागे सरकून बसले.

"उलटं फिरवून राहिलात की काय?" भिंतीवरून शिवाप्पा. म्हणून दुसऱ्या बाजूनं फिरवलं. पक्कड सटकली आणि झाकणावर चांगला लांब ओरखडा उठला. "आता तर सोलूनच राहिलात!"

शेवटी जावईबापूंना राहवेना. "मामा, कडेला बारीक खाच हाय. दाबून बसवलेलं असंल, उचकटायचं असंल."

"खाच मला मघाशीच दिसली होती," मी म्हणालो. दिसली नव्हती.

सुरीचं टोक खाचेत घातलं आणि वरवंट्यानं हलकेच ठोकलं. काही नाही. मग जरा कमी हलकेच ठोकलं.

टण्ण!

"निघालं! म्हटलं होतं की नाही?"

निघालं खरं, पण गेलं कुठे? चपला उलट्या केल्या, तुळशीची कुंडी सरकवली, शिवाप्पांनी आपली टोपीसुद्धा झटकून पाहिली. तेवढ्यात बायको पिंपाशी जाऊन उभी राहिली. "हे काय, हितं हाय!"

भरल्या पिंपाच्या तळाशी झाकण मजेत चमकत होतं. मी बाही वर केली.

"खबरदार! पिण्याचं पाणी हाय. खांद्यापर्यंत हात बुडवता का त्यात?"

"मग ओतू?"

"कशात? माझ्या डोक्यात?"

घरात दुसरं रिकामं भांडं नव्हतं आणि चिमटा तळाला पुरत नव्हता. उरला एकच उपाय. पाणी प्यायचं! मी तांब्याभर प्यालो, जावईबापूंना दोन तांबे पाजले, शिवाप्पांना हाक मारली. "या, पाणी प्या!"

त्या उन्हाळ्यात असं कुणी म्हणत असे का? शिवाप्पा पोटभर प्याले आणि बाहेर जाऊन काय बोलले देव जाणे, थोड्या वेळात अख्खी गल्ली कळश्या घेऊन दारात!

"काका, तुमच्या बोअरला लई पाणी लागलं म्हणं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि पिंपाच्या तळाकडे पाहिलं. "घ्या," म्हणालो. "सगळे घ्या."

दिवेलागणीपर्यंत पिंप कोरडं. बायको म्हणाली, "आता पुढचा टँकर येईपातूर घड्याळाचं पाणी पिऊ आपण."

"तहानलेल्याला पाणी पाजणं पुण्याचं काम आहे," मी ठणकावून सांगितलं. आजही सांगतो.

आणि ऐका, तोवर घड्याळ वाळून चालूही झालं होतं! स्पष्ट टिकटिक! जावईबापूंनी स्वतः कानाला लावून पाहिलं. "मामा, आता बसवायला तेवढं गोलाईत नेऊ."

"उघडलं मी आणि बसवणार दुसरा?"

अंगठ्यानं दाबलं, बसेना. गुडघ्यानं दाबलं, बसेना. मग वरवंटा घेतला.

झाकण बसलं. टिकटिक थांबली. सकाळी गोलाईतल्या तिन्ही घड्याळवाल्यांना ते झाकण उघडता आलं नाही.

जावईबापू कचेरीत वेळेवर हजर झाले. माझं घड्याळ त्यांच्या मनगटावर आहे, ते चालतं. त्यांचं माझ्या मनगटावर आहे, ते बंद आहे.