आइसलँड तिच्याकडे होता

माझे पती बुलडाण्यात राज्यशास्त्र शिकवत. दर रविवारी आमच्या समोरच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी खेड्यांतली मुलंमुली यायची. शिकवण्याची त्यांची स्वतःची एक पद्धत होती. ज्याला त्याला एकेक छोटा देश द्यायचा आणि वर्षभर त्या देशाचं संरक्षण खातं त्याच्या गळ्यात. एस्टोनिया कोणाकडे, भूतान कोणाकडे. मग चहा पिता पिता अचानक एखाद्यावर बोट रोखायचे, "शेजारी चालून आला बे. पहिला फोन कोणाले करशीन?"

जानेफळच्या एका मुलीकडे आइसलँड होता. स्वतःचं सैन्य नाही आणि तरी पाश्चात्त्य देशांच्या लष्करी युतीत अगदी सुरुवातीपासून. ती म्हणायची, "सर, आपल्यापाशी फौज नाही, पण जागा मोक्याची हाय. समुद्रातला नाकाच हाय आपला." आपला म्हणायची! मासेमारीच्या हद्दीवरून हा देश ब्रिटनशी, म्हणजे युतीतल्या मित्राशीच कसा भांडला, त्यांच्या बोटींची जाळी कशी कापली, युती सोडायची धमकी देऊन हद्द कशी मिळवली, हे ती रंगवून सांगायची. हे मांडीवर थाप मारून हसायचे. ते हसणं मला स्वयंपाकघरात चहा गाळताना ऐकू यायचं. माझ्या बोलण्यावर ते तसे हसल्याचं मला आठवत नाही. मी शाळेत मराठी शिकवते, घरात पुस्तकं वाचते ती मीच जास्त. पण मला कधी देश मिळाला नाही. मी मागितलाही नाही. मागून घ्यायची ती गोष्ट नव्हती.

मागच्या हिवाळ्यात हे गेले. देऊळघाटच्या रस्त्यावर छातीत कळ आली, त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि फोन केला, तो तिला. तिनेच ऑटो करून त्यांना दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. पुण्यानुमोदनाला लोक तिच्या धावपळीचं कौतुक करत होते आणि मी हात जोडून ऐकत होते. माझ्या दुःखात तिचा वाटा माझ्याहून मोठा, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

काही दिवसांनी ती घरी आली.

"जय भीम, काकू. पोरं म्हणून राह्यले, वर्ग चालू ठेवा. मी घेईन. पण बसाले जागा इथंच पाहिजे."

त्यांच्या खोलीत, त्यांच्या नकाशाखाली, ती शिकवणार. नाही म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. निघालं ते वेगळंच.

"त्यांनी तुला का फोन केला? मला का नाही?"

"तुम्ही शेगावले होत्या ना, बहिणीकडं. मी देऊळघाटात मामाच्या घरी. सर शिकवतच तसे. पहिला फोन, जो येऊन पोचते त्याले. आपल्या माणसाले दुसरा."

"मग दुसरा?"

"लावूनच राह्यले होते, मी गेली तवा. मोबाईल हातातून पडला. नंबर तुमचा होता, काकू."

मला रडू यायला हवं होतं. पण आधी मनात आलं ते हे, की तेही हिनेच पाहिलं.

"वर्ग इथंच भरव," मी म्हटलं. "मीही बसणार. आइसलँड माझ्याकडे राहील. तू दुसरा देश बघ."

ती दचकलीच. "आइसलँड नका ना घेऊ, काकू. लक्झेंबर्ग घ्या. मस्त देश हाय."

"आइसलँड."

तिचे डोळे भरले. ओढणीने पुसत म्हणाली, "घ्या मंग. पण अभ्यास करा लागन. मी कोणाले सोडत नाही."

"सोडू नकोस," मी म्हटलं.