खोकं पोचवण्याआधीचा अभ्यास

घरोघर पार्सलं पोचवण्याच्या नोकरीसाठी मी जेवढा अभ्यास केला, तेवढा बी.कॉम.साठी केला असता तर ती नोकरी शोधायची वेळच आली नसती. ऐंशीनंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. दुसऱ्या वर्षाला दोनदा आपटून मी नाशिकरोडला दादा-वहिनींकडे जेवत होतो. दादाने दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर रवानगी सटाण्याला, काकांच्या कांद्यात.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत माणूस हवा होता. मॅनेजरने विचारलं, "नाशिकचा का?"

"नाशिकरोडचा."

"म्हणजे परगावचा," तो म्हणाला. "जुन्या गावातल्या गल्ल्या माहीत पाहिजेत. पंधरा दिवसांनी अर्ज घेऊन ये. अर्ज काय, कोणीही लिहितो. मी एक खोकं देईन. ते पोचवून सही आणलीस तर अर्ज वाचेन."

शहाण्या माणसाने गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या दोनचार म्हाताऱ्यांशी ओळख वाढवली असती. मी दोनशे पानी वही घेतली. रोज सकाळी बसने गावात यायचं, तिवंधा चौकापासून सुरुवात करायची, आणि प्रत्येक दारावरचा नंबर, राहणाऱ्याचं नाव, मजले, जिना कुठून, सगळं उतरवायचं. पार्सलवाले खाकी घालतात म्हणून दादाचा जुना खाकी शर्टही चढवला. तो वहिनी इस्त्री करून द्यायची. संध्याकाळी मी घोकायला बसलो की म्हणायची, "भावजी, एवढं पाठ करताय, आरती पण म्हणा शेवटी."

नगरपालिकेची महापालिका नुकतीच झाली होती आणि आता घरपट्टी वाढणार अशी गावात बोलवा होती. अशा दिवसांत खाकी शर्टातला एक माणूस दारोदार मजले मोजत फिरतो आहे, याचा अर्थ लोकांनी काय लावला असेल हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. एका तांब्याची भांडी घडवणाऱ्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, माडीवरची खोली नवीन नाही बरं का. ती असल्यासारखी नाहीच. लिहू नका."

मला तोवर कोणी साहेब म्हटलं नव्हतं. तिथेच खरं सांगून मोकळं व्हायचं, तर मी चहाचा घोट घेतला, वहीत बघितलं आणि म्हणालो, "बघतो."

पुढचे दहाबारा दिवस मी दारोदार 'बघतो'च म्हणत होतो. चहाला कुठे तोटा पडला नाही.

पंधराव्या दिवशी मॅनेजरने खोकं हातात ठेवलं. पत्ता वाचून मला हसू आलं. त्याच भांडीवाल्यांचा. नंबर, मजले, जिना, सगळं तोंडपाठ. दहा मिनिटांत दारात उभा राहिलो आणि त्यांचं नाव घेतलं.

ते स्वतःच समोर होते. म्हणाले, "असं कोणी राहत नाही इथे."

"अहो, तुम्हीच ना? मला चहा दिला होतात."

"ते माझे भाऊ. गावाला गेलेत."

"मी महापालिकेचा नाही हो. पार्सल आणलंय, सही पाहिजे."

"सहीच पाहिजे असणार," ते म्हणाले. "दुसरं काय पाहिजे असणार तुम्हाला?"

मी खिशातून नोकरीचा अर्ज काढून दाखवला. त्यांनी तो सावकाश वाचला, दुसऱ्या वर्षाला नापास इथपर्यंत, आणि मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची साहेबाबद्दलची भीती गेली, आणि आदरही गेला.

"मग तेव्हा 'बघतो' कशाला म्हणालास रे?"

काखेतली वही सावरत मी खोकं पुढे केलं.

"ती वही दे इकडे. मग सही."

पंधरा दिवसांची पायपीट मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आपलं पान शोधलं, माडीची खोली लिहिलेली पाहिली, आणि अख्खी वही भट्टीत घातली. मग हात पुसून नीट, पूर्ण नावानिशी सही केली.

मॅनेजरने सही पाहिली, अर्ज घेतला, वाचला असं दाखवलं. "उद्यापासून सातपूरच्या कारखान्यांकडे जायचं," तो म्हणाला. "गावात आमचा जुना माणूस आहेच."

सातपूरला मी कधी गेलो नव्हतो. पण ते मी त्याला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीची सायकल घेतली आणि बाहेरच्या पानवाल्याला विचारलं, सातपूरला कुठून जातात.