बसवून ठेवलेलं फिक्स्चर

जालन्याच्या एका कारखान्यात मी शिकाऊ होतो. कोणतं काम कोणत्या मशीनवर जाईल, हे कॉम्प्युटर ठरवायचा. एका जुन्या मशीनवर घडवायचा भाग पकडून ठेवायचं फिक्स्चर बसवायला फार वेळ लागे, म्हणून त्याला कामच मिळत नव्हतं. असंच चाललं तर मशीन भंगारात आणि ते चालवणारे चाचा घरी जाणार होते. म्हणून चाचा रोज लवकर येत, कोणतं काम येईल याच्या अंदाजाने फिक्स्चर आधीच बसवत आणि हात पुसत उभे राहत.

शेवटी मी म्हणालो, "चाचा, कॉम्प्युटरला हे दिसत नाही."

"मंग तू तर बघून राह्यला ना?"

मी कारखान्याच्या साहेबांकडे जाऊन हे सांगितलं. "उगं डोकं नको लावू," ते म्हणाले, "त्या मशीनचा सौदा झालाय."

परत आलो तेव्हा चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, पाना उचलला आणि फिक्स्चरचे बोल्ट एकेक करून सोडायला घेतले.